बिनलेबलाची बरणी

चाचांच्या दुकानात खरेदी करायची तर पैशांपेक्षा वेळ जास्त लागायचा. बहरीनमधल्या नईम वस्तीतल्या आमच्या गल्लीत आणखी दोन कोल्ड स्टोअर्स होती. बहरीनमध्ये वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, आत थंडी असतेच असं नाही. त्या दोन दुकानांत माणूस दही मागायचा, दही मिळायचं आणि माणूस घरी जायचा. चाचांकडे दही मागितलं की ते डबा हातात घ्यायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि विचारायचे, "आज खाणार की उद्या?"

"आज."

"नक्की? मग ने. उद्या खाणार असशील तर नको. ह्याची तारीख उद्या संपते. लोक म्हणतात संपायच्या दिवशी चालतो. मी म्हणतो, संपायच्या दिवशी माणूस तरी चालतो काय?"

मग डबा उलटा करून खालची बारीक अक्षरं, बाजूची बारीक अक्षरं, झाकणावरचा शिक्का असं सगळं वाचून दाखवायचे. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत. त्यांतला एखादा बहरीनी म्हातारा वैतागून, आटपा अशा अर्थी, "यल्ला, हाजी, यल्ला!" म्हणायचा. चाचा शांतपणे त्याच्या हातातला रसाचा खोका घ्यायचे आणि त्याला अरबीत समजावून सांगायचे की यावर आंब्याचं चित्र आहे खरं, पण मागे लिहिलंय त्यानुसार आत मुख्यतः साखर आणि पाणी आहे. म्हातारा खोका ठेवून निघून जायचा. धंदा बुडवायची इतकी प्रामाणिक रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

"पुढे चित्र, मागे चरित्र," हे त्यांचं ब्रीद. वस्तू कोणतीही असो, आधी उलटी करायची.

मी पुण्याहून तिथे एका कंपनीत हिशेबनीस म्हणून गेलो, ते नव्वदच्या दशकातले दिवस. दुकानावरचा मजला चाचांचाच होता आणि तो भाड्याने द्यायचा होता. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. पासपोर्ट मागितला. उलटा करून मागचं पान आधी वाचलं. मग व्हिसाचं पान. मुदत कधी संपते ते बोट ठेवून पाहिलं. जन्मस्थळ पाहून म्हणाले, "पुण्याचा माल. टिकतो, पण जरा आंबट असतो." आणि किल्ली हातावर ठेवली. तेव्हापासून मी त्यांचा 'पुणेकर' झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांच्या मते पुढचं चित्र होतं.

चाचा मूळ रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. बायको-मुलं गावी. सातवीपर्यंत मराठी शाळा झालेली. कुराणामुळे अरबी वाचता यायचं, दुकानदारीमुळे इंग्रजी. तिन्ही लिप्या एकाच वेगाने, म्हणजे फार सावकाश, आणि मोठ्याने वाचायचे. मनातल्या मनात वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे. वर आमच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की खालून त्यांचा आवाज यायचा, "सोडियम... बेन्झोएट... थंड आणि कोरड्या जागी ठेवावे... ह्या देशात कुठे रे बाबा कोरडी आणि थंड जागा!"

ते सगळंच बरोबर वाचायचे असं मात्र नाही. एका शांपूवर लिहिलं होतं की चांगल्या परिणामासाठी पुन्हा एकदा लावा. चाचांनी त्या शांपूची अख्खी खोकी परत पाठवली. म्हणाले, "एकदाने होत नाय असा तोच कबूल करतोय. मग दोन बाटल्या विकत घ्यायच्या काय?" एजंट कपाळाला हात लावून गेला.

माझी बायको शाकाहारी. चाचांना हे कळल्यावर त्यांनी तिचा शाकाहार दत्तक घेतला. जनावरांच्या हाडांतून काढलेलं जिलेटिन म्हटलं की दोघांच्याही भुवया वर. ते डुकराला घाबरायचे, ती गाईला. एकाच केकच्या वेष्टनावर दोघं डोकी लावून वाचत बसलेले मी कितीदा पाहिलेत. खाद्यरसायनांसाठी छापलेले ई-अक्षरामागचे सगळे आकडे चाचांना तोंडपाठ होते. कुठला आकडा झाडाचा, कुठला जनावराचा, कुठला संशयित. शेवटी दोघं मिळून निकाल द्यायचे आणि तो केक बहुधा मला मिळायचा, कारण माझा धर्म त्यांच्या मते पुरेसा बारीक अक्षरांतला नव्हता.

एकदा तर कमाल झाली. चाचांनी कुणाला तरी टुणा माशाचा डबा विकला आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं की त्या खोक्यातल्या डब्यांची तारीख उलटली आहे. गिऱ्हाईक अनोळखी. बोलता बोलता हमद टाउनला राहतो म्हणाला होता, एवढाच पत्ता. चाचांनी भरदुपारी दुकान बंद केलं, मला गाडीत घातलं आणि आम्ही हमद टाउनच्या एका गोल चकरीवरून दुसऱ्या गोल चकरीवर फिरत राहिलो. तिथे सगळे चौक गोल आणि सगळी घरं सारखी. चाचा प्रत्येक चकरीला गाडी थांबवून माणसांना विचारत, "टुणा खाणारा, मिशीवाला?" अखेर तो सापडला. डबा त्याने आदल्याच दिवशी खाल्ला होता आणि तब्येत उत्तम होती. चाचांना ते पटेना. त्यांनी त्याची जीभ बघितली, नाडी धरली आणि कचऱ्यातला रिकामा डबा मागून घेऊन आले. "तो वाचला," परतताना ते म्हणाले, "पण लेबलाप्रमाणे वाचायला नको होता."

तर अशा माणसाच्या माडीवर माझे सासरे येऊन राहिले.

बायकोला दिवस गेले होते. तिची आई वर्षापूर्वी गेलेली. पहिलं बाळंतपण, माहेरचं म्हणावं असं एकच माणूस उरलेलं, ते म्हणजे अप्पा. साताऱ्याकडच्या एका गावात हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ताठ, सडपातळ, धोतर आणि काळा कोट. बाळ होईपर्यंत अप्पांनी राहावं एवढीच बायकोची इच्छा होती. डॉक्टर, दवाखाना, कशालाच ती घाबरत नव्हती. अप्पा नसतील या एका विचाराने मात्र तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अप्पांची अडचण अशी की सासूबाई गेल्यापासून त्यांना धड जेवण जात नव्हतं आणि झोप तर मुळीच लागत नव्हती. पोटाचा जुना विकार होताच. त्यावर गावच्या वैद्यांनी त्यांना एक अवलेह दिला होता. रोज झोपताना पळीभर घेतला की अन्न पचे आणि अप्पा झोपत. त्याच्या भरवशावरच ते विमानात बसले होते. बहरीनच्या विमानतळावर त्यांची बॅग उघडली, तेव्हा तिथल्या माणसाने आधी मेतकुटाचा डबा उघडून हुंगला, जोरात शिंकला आणि "यल्ला, यल्ला" म्हणत पुढचं काहीच न बघता बॅग बंद केली. अप्पा आम्हाला हे सांगून खूप हसले. तेव्हा आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी चाचा पाहुण्यांना भेटायला वर आले. चहा झाला. खाडी, कृष्णा, आंबा, स्ट्रॉबेरी असे विषय झाले. टेबलावर ती बरणी होती. पुढे धन्वंतरीचं चित्र, हातात अमृतकलश, मागे उगवता सूर्य. चाचा बोलत होते अप्पांशी, पण त्यांचा हात आपोआप बरणीकडे गेला. उलटी केली. चष्मा खाली आला.

"सुंठ... मिरी... पिंपळी... जायफळ... खडीसाखर... गाईचे तूप..." चाचा मान डोलावत वाचत होते आणि एकदम थांबले. पुढचा शब्द त्यांनी मनातल्या मनात वाचला. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्यात भांग हाय."

"शोधित भांग," अप्पांनी दुरुस्त केलं. "नुसती नाही."

"म्हणजे?"

अप्पांचा चेहरा खुलला. खूप दिवसांनी वर्ग मिळाला होता. "म्हणजे शुद्ध केलेली. भांग पाण्यात स्वच्छ धुतात, वाळवतात, तुपावर परततात. त्याने तिचे दोष जातात आणि औषधी गुण राहतात. हे बघा, इथे परवाना क्रमांक आहे. हा तुकडी क्रमांक, म्हणजे बॅच नंबर. हे कारखान्याचं नाव. सरकारमान्य आहे. माझ्याकडे पावती आहे, वैद्यांची चिठ्ठी आहे."

"दोष गेले असतील मास्तर, पण नाव ऱ्हायला ना लेबलावर! आणि हा काय? 'सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे.' असा मुरंब्यावर लिवतात काय? जिथं सावधान, तिथं आत काहीतरी हाय."

"कायद्यानेच लिहावं लागतं ते. विषवर्गातलं द्रव्य असलं की सूचना छापायचीच. प्रामाणिक कारखाना आहे म्हणून छापलंय."

"आणि मात्रा? अर्धा चमचा. कुठचा चमचा? चहाचा, भाताचा, का बाळाच्या औषधाचा?"

अप्पांनी खिशातून पितळेची इवलीशी पळी काढली. चाचांनी ती हातात तोलून पाहिली. मग दोघं खाली दुकानात गेले आणि ती पळी भरून तराजूवर ठेवली. शंभर ग्रॅममध्ये भांग किती ते लेबलावर होतं, पण एका पळीत किती ते नव्हतं. तो हिशेब दोघांनी अरबी चहाच्या पाकिटाच्या मागे केला. उत्तर फार थोडं आलं. अप्पा विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा! नखाएवढी."

चाचांनी ते पाकीट फाडून चुलीवर जाळलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "मास्तर, माझा ऐका. इथं नखाएवढी आणि पोतंभर असा फरक नाय. तुमच्या बरणीवर महाराष्ट्राचा परवाना हाय. बहरीनचा हाय काय? पकडला तर तुम्ही आत. पुणेकराची नोकरी खलास, व्हिसा खलास. आणि ती वर बसलीय पोटुशी, तिचा काय?"

अप्पा उठून उभे राहिले. मग कोटाची बटणं लावू लागले.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"पोलीस ठाण्यात," अप्पा म्हणाले. "माझ्याकडून अजाणता आगळीक झाली आहे. बरणी, पावती आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवतो. इंग्रजी उत्तम आहे माझं. रीतसर खुलासा करतो. सज्जन अधिकारी असेल तर परवानगीही देईल."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांनी लेबल वाचावं म्हणून जीव काढणाऱ्या त्या माणसाच्या तोंडाला हे सांगता सांगता फेस आला, की हे एक लेबल कृपा करून कुणाला वाचायला देऊ नका. त्यांनी अप्पांच्या पायाला हात लावला, अल्लाची शपथ घातली, शेवटी दारात आडवे उभे राहिले. अप्पा ऐकेनात. "शेठ, लपवणं हा वेगळा गुन्हा होतो," असं म्हणत ते एक एक बटण लावत राहिले. वरून बायको आली आणि अप्पांच्या हाताला धरून उभी राहिली. तेव्हा कुठे बटणं थांबली.

"बरं," अप्पा म्हणाले. "मग नष्ट करू. पण रीतसर. पंचनामा करून."

हेडमास्तरच ते. शाळेतली मोडकी बाकंसुद्धा पाच सह्यांशिवाय त्यांनी कधी भंगारात काढली नव्हती. चाचांनाही तारीख उलटलेला माल असाच नगरपालिकेच्या माणसासमोर नष्ट करायची सवय. दोघांचं तिथे एकदम जमलं. पण कागदावर काही लिहायचं नाही असं मी निक्षून सांगितलं. तेव्हा पंचनामा तोंडी करायचं ठरलं.

दुपारी दुकानं बंद असतात त्या वेळी आम्ही चौघं आमच्या बाथरूममध्ये कमोडभोवती उभे राहिलो. बायकोला स्टूल दिलं. चाचांनी चष्मा लावून लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग ते कुजबुजत वाचू लागले. प्रत्येक घटकानंतर अप्पा "बरोबर" म्हणत. वाचन संपल्यावर अप्पांनी पंच म्हणून माझी संमती घेतली, बायकोची घेतली आणि चाचांनी बरणी उपडी केली.

काहीच पडलं नाही. अवलेह घट्ट झाला होता. चमच्याने खरवडून काढला. तो कमोडमध्ये पडला आणि पाण्यावर तरंगू लागला. भरपूर तूप घालणारा प्रामाणिक कारखाना! साखळी ओढली, सगळं गोल फिरलं आणि परत वर आलं. नईममधल्या जुन्या इमारतींत पाण्याला तेवढा जोर कुठला? चाचा बादल्या ओतत होते, मी उकळतं पाणी आणत होतो, अप्पा "दोष गेले, तूप गेलं नाही" असं काहीतरी पुटपुटत होते आणि बायको स्टुलावर बसून इतकी हसत होती की मला वाटलं बाळंतपण आताच होतं. अखेर भांड्याची पावडर टाकल्यावर माल बहरीनच्या गटारात विलीन झाला. चाचांनी पावडरीचं लेबल वाचलं. "तूप घालवते असा लिवलाय," ते म्हणाले. "पहिल्यांदा कुणीतरी खरा लिवला."

गंमत तिथे संपली. त्यानंतर अप्पांची झोप गेली ती गेलीच. ताटात भात तसाच राहायला लागला. रात्रभर ते येरझाऱ्या घालत आणि त्यांचे पाय वाजत ते खाली चाचांच्या डोक्यावर. दुकानामागच्या खोलीत चाचा झोपत. सकाळी लाल डोळ्यांनी मला विचारायचे, "मास्तर आजपण फिरत होते?" मी मान हलवायचो. आठवड्याभरात अप्पांचे गाल बसले. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेऊन परतीच्या तिकिटाची चौकशी करायला सांगितली. "इथे आजारी पडलो तर तिच्यावर माझंच ओझं," म्हणाले. बायकोने ते ऐकलं आणि दिवसभर ती खोलीतून बाहेर आली नाही.

चाचांना हे सहन होईना. भांग सोडून लेबलावरचं सगळं त्यांच्या दुकानात होतं. त्यांनी सुंठ कुटली, जायफळ उगाळलं, तुपात घोटलं आणि नवी बरणी वर आणून दिली. तिला स्वतःच्या हाताने लेबल चिकटवलं होतं. घटक, प्रमाण, तयार केल्याची तारीख, संपायची तारीख. खाली ठळक अक्षरांत, 'भांग नाही.' आणि त्याखाली, 'झोप येईल असे सांगता येत नाही.'

अप्पांनी ते दोनदा वाचलं. "आदर्श लेबल आहे," म्हणाले. आणि त्या रात्री पुन्हा येरझाऱ्या घातल्या.

मी चिडून खाली गेलो. "चाचा, तेवढी शेवटची ओळ लिहायची काय गरज होती? झोप येईल असं लिहिलं असतंत तर आली असती! मनाचा खेळ असतो हा."

"खोटा लिवू?"

"एकदा. त्या पोरीसाठी."

"पुणेकर," ते म्हणाले, "ह्या दुकानात मी खोटा लेबल ठेवला नाय. बापाचा दुकान असता तरी ठेवला नसता. माणूस बरणीवर विश्वास टाकतो. त्याला आत काय हाय ते दिसत नाय ना." त्यांचा आवाज चढला होता. मीही चार शब्द बोललो. लेबलं चाटत बसा म्हणालो. पुढचे काही दिवस मी दही दुसऱ्या दुकानातून आणलं.

तिकीट जवळपास पक्कं झालं होतं. त्या शुक्रवारी नमाजानंतर चाचा वर आले. पांढरा कुर्ता, अत्तराचा वास, हातात एक काचेची बरणी. बरणी पूर्ण कोरी. ना चित्र, ना अक्षर. चाचांच्या हातात बिनलेबलाची वस्तू म्हणजे मौलवींच्या हातात पत्ते!

"मास्तर, हा घ्या," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"काय आहे यात?"

"विचारू नका."

"कुठून आणलंत?"

"ताही विचारू नका. एक पळी. दुधाबरोबर. घेतल्यावर पडून ऱ्हायचा, फिरायचा नाय."

अप्पांनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग बरणी घेतली आणि कपाळाला लावली.

आणि खरंच, त्या रात्रीपासून येरझाऱ्या थांबल्या. आमच्याही कानावर पाऊल येईना. सकाळी अप्पा ताजेतवाने असल्यासारखे दाढी करून बसायचे, पोळी मागून घ्यायचे. तिकीट रद्द झालं. बायको पुन्हा हसायला लागली. मी खाली जाऊन चाचांची माफी मागितली आणि कानाशी लागून विचारलं, "आणलंत काय नेमकं?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तोच माल. सुंठ नि जायफळ. लेबल काढला फक्त." आणि मग घाईघाईने, "मी खोटा कायपण लिवलेला नाय हां! लिवलाच नाय, तर खोटा कसा?"

हा युक्तिवाद ते मला रोज ऐकवायचे, म्हणजे तो त्यांना स्वतःला पटत नव्हता. पण चेहऱ्यावर एक गुपचूप तेज होतं. गिऱ्हाइकांना लेबल वाचून दाखवताना मध्येच वर छताकडे बघायचे आणि खुशीत मान हलवायचे.

बाळ झालं. मुलगी. अप्पांनीच कानात नाव सांगितलं. चाचांनी दवाखान्यात तिच्या मनगटावरची पट्टी उलटीसुलटी करून वाचली. वजन, वेळ, आईचं नाव सगळं जुळतंय याची खात्री झाल्यावरच तिला हातात घेतलं. "चरित्र कोरा हाय," म्हणाले आणि रडले.

अप्पा निघाले त्या दिवशी चाचा स्वतःच्या पिकअपमधून आम्हाला विमानतळावर घेऊन गेले. ते गाडी लावायला गेले तेवढ्यात अप्पांनी माझा हात धरला.

"सुंठ, मिरी, जायफळ, खडीसाखर," ते म्हणाले. "पहिल्या पळीलाच कळलं. पोटाचा जुना रोगी आहे मी, एवढी जीभ शाबूत आहे."

"मग झोप?"

"झोप कसली? डोळे मिटून पडून राहायचो. मी फिरलो की खाली शेठ जागे आणि शेजारच्या खोलीत पोरगी जागी. दोघांचं बघवत नव्हतं. आणि मला राहायचं होतं हो. हिची आई असती तर ती राहिलीच असती ना?" त्यांनी चष्मा पुसला. "शेठनी माझ्यासाठी आपला नेम मोडला. तो मोडलेला मी वाया कसा जाऊ देणार? सांगायचंच तर विमान उडाल्यावर सांगा."

चाचा आले. दोघांनी मिठी मारली. अप्पा ताठ चालत आत गेले.

परतताना मुहर्रकच्या पुलावर विमानाचा आवाज डोक्यावरून गेला. मी चाचांना सांगितलं.

आधी त्यांना पटेना. मग ते संतापले. "एवढा हेडमास्तर माणूस, आणि खोटा बोलला?"

"बोलले कुठे? काहीच बोलले नाहीत. तुमच्यासारखंच."

पूल संपला. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले.

"पुणेकर," ते म्हणाले, "तो वर जागा होता. आणि मी खाली रोज गाढ झोपत होतो रे, माझा औषध लागू पडला म्हणून."